कारणाचे व्याकरण

रजेच्या अर्जापासून कर्जाच्या प्रस्तावापर्यंत आणि उत्तरपत्रिकेपासून पंचनाम्याच्या इंग्रजी गोषवाऱ्यापर्यंत महाराष्ट्रातील लेखी इंग्रजीत जी शब्दजोडी सर्रास आढळते, ती ‘ड्यू टू’ ही होय. शाळकरी मुलाला ज्वर येतो तो ‘ड्यू टू’ पावसात भिजणे, लिपिकाला कार्यालयात यायला उशीर होतो तो ‘ड्यू टू’ एस.टी. बंद पडणे, आणि एखाद्या गावचा पाणंद रस्ता वर्षानुवर्षे अपुरा राहतो तो ‘ड्यू टू’ निधीचा अभाव. या जोडीवर लाल शाईची रेघ ओढणारा शिक्षक आता दुर्मीळ झाला आहे. ज्यांच्या वाट्याला असा शिक्षक आला त्यांना त्या रेघेचे कारण बहुधा कळले नाही, आणि ज्यांच्या वाट्याला तो आला नाही त्यांचे त्यावाचून काही अडलेही नाही. हा विषय इंग्रजीच्या तासापुरताच असता तर तो तेथेच सोडून देता आला असता. परंतु यवतमाळसारख्या जिल्ह्यात कागदावर ‘कशामुळे’ या प्रश्नापुढे काय लिहिले जाते, यावर एखाद्या कुटुंबाला मदत मिळणे वा न मिळणे अवलंबून असते. तेव्हा कारण दाखविणाऱ्या शब्दांचे व्याकरण ही केवळ पंतोजींची हौस राहत नाही.

प्रथम नियम पाहू. ‘ड्यू’ हे मुळात विशेषण आहे आणि विशेषणाला टेकायला नाम लागते. ‘माय ॲब्सेन्स वॉज ड्यू टू फीव्हर’ या वाक्यात ‘ॲब्सेन्स’ हे नाम आहे, ‘ड्यू’ त्याला चिकटले आहे, आणि वाक्य निर्दोष आहे. ‘आय वॉज ॲब्सेंट ड्यू टू फीव्हर’ या वाक्यात मात्र ‘ड्यू’ला टेकायला नामच नाही, ते सगळ्या क्रियेचे कारण सांगू पाहते. हे काम जुन्या व्याकरणाच्या मते ‘ओइंग टू’ किंवा ‘बिकॉज ऑफ’ यांचे. परीक्षेपुरता सोपा उपाय असा सांगितला जाई, की ‘ड्यू टू’च्या जागी ‘कॉज्ड बाय’ घालून पाहावे. वाक्य टिकले तर ‘ड्यू टू’ ठेवावे, कोसळले तर काढावे. ‘माझी गैरहजेरी तापाने घडविलेली होती’ हे वाक्य कसेबसे चालते. ‘मी गैरहजर होतो तापाने घडविलेला’ हे चालत नाही.

मराठी विद्यार्थ्याची येथे गफलत होते, त्याला कारण त्याची बुद्धी नव्हे, त्याची मातृभाषा होय. मराठीत ‘मुळे’ हे एकच शब्दयोगी अव्यय दोन्ही कामे निमूटपणे करते. ‘पावसामुळे सामना रद्द झाला’ आणि ‘पावसामुळे झालेले नुकसान’ या दोन्ही ठिकाणी ‘मुळे’ तेच आहे. फरक आहे तो दुसऱ्या वाक्प्रयोगातील ‘झालेले’ या शब्दाचा. हे ‘झालेले’ म्हणजेच इंग्रजीतील ‘ड्यू’चे विशेषणपण. यावरून मराठी माध्यमाच्या शाळांत सहज शिकविता येईल अशी एक कसोटी हाती लागते: ज्या ठिकाणी ‘मुळे’नंतर ‘झालेला’, ‘आलेली’, ‘उद्भवलेले’ असा शब्द मराठीत बसू शकतो, त्या ठिकाणी ‘ड्यू टू’ निःशंक वापरावे. ‘दुष्काळामुळे आलेली टंचाई’ याला ‘ड्यू टू’ चालते. ‘दुष्काळामुळे लोक गाव सोडून गेले’ याला ‘ओइंग टू’ किंवा ‘बिकॉज ऑफ’ बरे. इंग्रजीचे व्याकरण इंग्रजीतूनच समजावण्याच्या अट्टाहासात अशा घरच्या कसोट्या वाया जातात, ही खेदाची गोष्ट आहे.

अर्थात हा नियम आज कितपत पाळावा, हा वादाचा प्रश्न आहे. हेन्री फाउलर यांनी १९२६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी प्रयोगकोशात ‘ड्यू टू’च्या या सैल वापरावर कठोर टीका केली, आणि पुढे अनेक पिढ्यांच्या शिक्षकांनी तीच प्रमाण मानली. परंतु भाषा कोशकाराच्या परवानगीसाठी थांबत नाही. आजच्या प्रमुख इंग्रजी कोशांनी हा वापर स्वीकारला आहे आणि खुद्द इंग्लंड-अमेरिकेतील सुशिक्षित लेखक तो बिनदिक्कत करतात. अशा स्थितीत यवतमाळ, पुसद किंवा वणी येथील विद्यार्थ्याचा अर्धा गुण याच कारणाने कापणे म्हणजे घरमालकाने सोडून दिलेल्या भाड्यासाठी मुनिमाने भाडेकरूच्या दाराशी बसण्यासारखे आहे. गुण कापायचाच असेल तर तो ‘द रीझन इज ड्यू टू’ अशा वाक्याचा कापावा. कारण तेथे कारणाचेच कारण सांगितले जाते आणि मूळ गोष्ट अधांतरी राहते. अर्थशास्त्राच्या उत्तरपत्रिकांत तर हा प्रकार फारच. ‘किंमत वाढल्यामुळे मागणी कमी होते’ असे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याची मुख्य चूक ‘मुळे’ची नसते, मागणी आणि मागणीचे परिमाण यांत त्याने केलेल्या घोटाळ्याची असते, आणि ‘ड्यू टू’च्या धुक्यात तो घोटाळा सुखेनैव लपून राहतो.

त्याहून गंभीर चूक हिशेबाच्या कागदांत होते. ‘ड्यू टू’ या जोडीचा कारणाशी मुळीच संबंध नसलेला आणखी एक अर्थ आहे. ‘द अमाउंट ड्यू टू द फार्मर’ म्हणजे शेतकऱ्याला मिळावयाची रक्कम, त्याचे येणे. ‘द अमाउंट ड्यू फ्रॉम द फार्मर’ म्हणजे शेतकऱ्याने द्यावयाची रक्कम, त्याचे देणे. एका अव्ययाच्या फरकाने धनको ऋणको होतो आणि ऋणको धनको. ज्या जिल्ह्यात कापूस एकाधिकार खरेदी योजनेच्या काळात बैलगाड्यांच्या रांगा लागत आणि चुकाऱ्याची वाट पाहिली जाई, त्या जिल्ह्याला हा फरक पुस्तकातून शिकण्याची गरज नव्हती. ही योजना १९७२ साली, पुसद तालुक्याचे सुपुत्र वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना सुरू झाली. कापूस केंद्रावर टाकला की रक्कम शेतकऱ्याला येणे होई. मात्र ती हाती पडेपर्यंत सोसायटीचे कर्ज त्याच्याकडून येणे होई. दोन्ही रकमांना इंग्रजीत ‘ड्यू’ हाच शब्द. फरक इतकाच की एकीवर व्याज चढे आणि दुसरीवर चढत नसे.

शब्दाच्या पोटात शिरले तर हे दोन अर्थ मुळात वेगळे नाहीत असे दिसते. ‘ड्यू’ हा शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला आणि त्याचे मूळ ‘देणे लागणे’ या अर्थाच्या ‘देबेरे’ या लॅटिन क्रियापदात आहे. ‘डेट’ म्हणजे कर्ज आणि ‘ड्यूटी’ म्हणजे कर्तव्य हे शब्दही त्याच कुळातले. इतकेच नव्हे, ‘ओइंग टू’मधील ‘ओ’ हेसुद्धा देणे लागण्याचेच क्रियापद आहे, मग ते लॅटिनमधून आलेले नसो. म्हणजे इंग्रज माणूस कारण शोधतो तेव्हा तो नकळत विचारतो, की ही घटना कोणाचे देणे लागते? मराठीतील ‘मुळे’ हे ‘मूळ’ या शब्दाचे अपत्य आहे. मराठी माणूस विचारतो, की याचे मूळ कोठे? एक भाषा कारणासाठी खतावणी उघडते, दुसरी माती उकरते.

‘ड्यू टू’च्या इतिहासात शेतकऱ्याशी थेट संबंध असलेला एक प्रसंग आहे. १४ ऑक्टोबर १९५७ रोजी राणी एलिझाबेथ दुसरी यांनी ओटावा येथे कॅनडाच्या संसदेचे उद्घाटन केले. राणीचे भाषण मंत्रिमंडळाने तयार केलेले असते, हे सांगणे नकोच. त्या भाषणातील एक वाक्य ‘ड्यू टू’ने सुरू होत होते, आणि फाउलरच्या नियमाने ते सरळसरळ चूक होते. व्याकरणाच्या पंडितांनी ते टिपून ठेवले. राणीच्या तोंडी हा प्रयोग आल्यावर नियमाचे काय उरले, अशी चर्चा प्रयोगकोशांच्या पुढील आवृत्त्यांतून झाली. मात्र त्या वाक्याचा आशय काय होता, याकडे व्याकरणवाल्यांचे फारसे लक्ष गेले नाही. आशय असा होता, की धान्य विकता न आल्यामुळे गवताळ प्रदेशातील शेतकऱ्यांकडे तातडीच्या गरजांसाठीही पैसा उरलेला नाही. कोठारे गव्हाने भरलेली आणि खिसा रिकामा, अशी ती अवस्था होती. त्या वाक्यात कारण बाजारात ठेवले होते. शेतकऱ्याच्या आळसात, उधळपट्टीत किंवा कर्जात नव्हे. आणि कारण तेथे ठेवले गेल्यामुळे उपायही तेथेच शोधला गेला. त्याच वर्षी कॅनडाने शेतावर साठवलेल्या धान्यावर शेतकऱ्याला आगाऊ रक्कम देण्याचा कायदा केला. व्याकरण चुकले होते. कारण चुकले नव्हते.

यवतमाळ जिल्ह्यात नेमके याच्या उलट घडते. १९ मार्च १९८६ रोजी महागाव तालुक्यातील चिलगव्हाण येथील साहेबराव करपे यांनी पत्नी व चार मुलांसह पवनारजवळ आपले जीवन संपविले. महाराष्ट्रातील नोंदली गेलेली पहिली शेतकरी आत्महत्या म्हणून त्या घटनेचा उल्लेख केला जातो, आणि २०१७ सालापासून दरवर्षी १९ मार्चला अनेक जण तिच्या स्मरणार्थ अन्नत्याग करतात. त्यानंतरच्या चार दशकांत वृत्तपत्रांनी अशा बातम्यांसाठी एक ठराविक वाक्य तयार केले: ‘सततची नापिकी व कर्जबाजारीपणाला कंटाळून’. हे वाक्य आता इतके गुळगुळीत झाले आहे, की त्यातील ‘कंटाळून’ या शब्दावर वाचकाची नजर थांबत नाही. कंटाळा हा मनाचा व्यापार आहे. माणूस एकाच भाजीला कंटाळतो, रोजच्या प्रवासाला कंटाळतो. त्या एका धातुसाधिताने वाक्याचा सारा भार मेलेल्या माणसाच्या मनावर येतो आणि नापिकी व कर्ज या गोष्टी, ऊन-पावसासारख्या, कोणाच्याही नसलेल्या होऊन जातात. हेच वाक्य इंग्रजी गोषवाऱ्यात जाते तेव्हा ‘सुइसाइड ड्यू टू इन्डेटेडनेस’ असे होते. व्याकरणदृष्ट्या ते अगदी शुद्ध आहे; ‘सुइसाइड’ हे नाम आहे आणि ‘ड्यू’ त्याला रीतसर टेकले आहे. परंतु कर्जबाजारीपणा हे कारण म्हणून लिहिणे म्हणजे ज्वर हे मृत्यूचे कारण म्हणून लिहिण्यासारखे आहे. ज्वर कशाचा, हे लिहायचे राहूनच जाते.

शासनाच्या कागदांवर ही गोष्ट अधिक आवळली जाते. २३ जानेवारी २००६ च्या शासन निर्णयानुसार आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला एक लाख रुपयांची मदत ठरली. त्यातील तीस हजार रोख आणि सत्तर हजार ठेवीच्या स्वरूपात. प्रकरण ‘पात्र’ ठरण्यासाठी शेतजमीन, बँक, सहकारी संस्था किंवा परवानाधारक सावकार यांचे कर्ज, आणि ते फेडता न आल्याने झालेला तगादा यांचा संबंध कागदोपत्री दिसावा लागतो. म्हणजे ‘मुळे’च्या डाव्या बाजूला काय लिहिलेले चालेल, याची यादीच ठरून गेली. नातलगांकडून, कृषी केंद्राच्या दुकानातून किंवा विनापरवाना सावकाराकडून घेतलेले कर्ज हे कर्ज असूनही कारण होऊ शकत नाही. सातबाऱ्यावर नाव नसलेली आणि आयुष्यभर कापूस वेचलेली स्त्री शेतकरी ठरत नाही, मग तिच्या मृत्यूचे कारण शेती कसे ठरणार? तलाठ्याने, पोलिसाने किंवा समितीने वाईट हेतूने लिहावे लागते असेही नाही. रकाना अरुंद असला की लिहिणाऱ्याचा हातही आपोआप आखडतो.

वस्तुस्थिती त्या रकान्यात मावत नाही, हे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. मुंबईच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेचे श्रीजित मिश्र यांनी वर्धा, वाशीम व यवतमाळ या जिल्ह्यांतील आत्महत्याग्रस्त १११ कुटुंबांचा अभ्यास केला. त्यांचा अहवाल २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यांत सुमारे ८७ टक्के प्रकरणांत कर्जबाजारीपणा, सुमारे ७४ टक्क्यांत खालावलेली आर्थिक स्थिती, ५५ टक्क्यांत घरातील कलह आणि ४१ टक्क्यांत पीक बुडणे आढळले. या आकड्यांची बेरीज शंभराच्या कितीतरी पलीकडे जाते, हीच त्यांतील खरी माहिती. कारणे एकमेकांच्या खांद्यावर उभी असतात. मिश्र यांनी त्यांना ‘जोखमीचे घटक’ म्हटले, एकेरी कारण म्हटले नाही. संशोधकाची ही भाषिक सावधगिरी शासकीय नमुन्यांना परवडत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद कार्यालयाच्या वार्षिक तक्त्यांत प्रत्येक मृत्यूला एकच कारण मिळते. २०१५ सालच्या तक्त्यात देशातील ८,००७ शेतकरी आत्महत्यांपैकी ३८.७ टक्के कर्ज वा दिवाळखोरीच्या रकान्यात आणि १९.५ टक्के शेतीविषयक कारणांच्या रकान्यात आहेत. बोंडअळीने कापूस गेला म्हणून ज्याचे कर्ज थकले, तो माणूस या दोन रकान्यांपैकी कोणत्या रकान्यात मरतो?

‘ड्यू’ या शब्दाने २००८ सालच्या केंद्रीय कर्जमाफीतही अशीच भूमिका बजावली. ३१ मार्च २००७ पर्यंत वाटलेले, ३१ डिसेंबर २००७ रोजी थकीत, म्हणजे ‘ओव्हरड्यू’ असलेले आणि २९ फेब्रुवारी २००८ पर्यंत न फेडलेले कर्ज तेवढे माफीला पात्र होते. पूर्ण माफी दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यांना होती. त्यावरील शेतकऱ्यांना उरलेली रक्कम भरल्यास २५ टक्के सूट. विदर्भात कोरडवाहू जमीन धारण करणारा शेतकरी पाच एकरांच्या वर सहज जातो आणि तरीही सधन नसतो, हे यवतमाळच्या कोणत्याही शिक्षकाला ठाऊक आहे. निम्म्या शिक्षकांचे वडील त्याच वर्गातले. आणि ज्याने अब्रूपायी सावकाराकडून पैसे उचलून बँकेचा हप्ता वेळेवर भरला, त्याचे बँकेतील कर्ज ‘ओव्हरड्यू’ राहिलेच नव्हते. त्याचे देणे दाराआड गेले आणि म्हणून शासनाच्या दृष्टीने संपले.

मराठी ही कारणे सांगण्याच्या बाबतीत दरिद्री भाषा नाही. ‘मुळे’ तटस्थ आहे, ‘पायी’मध्ये हळहळ आणि थोडा दोष आहे, ‘अभावी’ने नसलेल्या गोष्टीलाही कारण बनविता येते, ‘सबब’ हा कोर्टकचेरीतला दणकट शब्द निष्कर्षाची जबाबदारी घेतो. १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाले, १९६४ साली राजभाषेचा अधिनियम आला, आणि मराठीत राज्यकारभाराची परिभाषा घडली. हे काम मोठे होते व त्याची थट्टा करणे सोपे आहे म्हणून ती करू नये. तरीही त्या परिभाषेने ‘निधीअभावी’, ‘तांत्रिक कारणास्तव’ आणि ‘अपरिहार्य कारणास्तव’ असे काही शब्द रुजविले, की ज्यांत कारण असल्याचे सांगितले जाते आणि कारण सांगितले जात नाही. निधी नाही हे खरे. पण तो मागितला नाही, मंजूर झाला नाही, की दुसरीकडे वळविला गेला? ‘ड्यू टू पॉसिटी ऑफ फंड्स’चे हे हुबेहूब मराठी रूप असून त्यात भाषांतर तेवढे उत्तम झाले आहे.

यावर असा आक्षेप घेतला जाईल, की कचेरीला निर्णय करायचा असतो आणि निर्णयाला एक कारण लागते. सगळीच कारणे लिहीत बसले तर एकही मदत वेळेवर पोचणार नाही. हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. निकष सैल झाले की खोटी प्रकरणेही शिरतात. परंतु मदतीचा निकष आणि मृत्यूचे कारण या दोन गोष्टी एकाच रकान्यात कोंबण्याचे बंधन कोणी घातले आहे? २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने अनेक शेतकरी व मजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले, तेव्हाही वाद पेटला तो एका ‘मुळे’वरून. औषधाच्या मिश्रणामुळे, उंच वाढलेल्या पिकामुळे, की तोंडाला फडके न बांधल्यामुळे? शेवटचे उत्तर लिहिले की चौकशी मजुराच्या नाकाशीच संपते. पहिले लिहिले तर ती दुकानात, कारखान्यात आणि परवाना देणाऱ्या खात्यात जाते.

जिल्हा समितीपुढे जाणाऱ्या प्रस्तावात मदतीच्या निकषांसाठी होय-नाहीचे रकाने आहेत तसे राहू द्यावेत. त्यांखाली चार-पाच कोऱ्या ओळी असाव्यात. त्यांत मागील तीन हंगामांत किती क्विंटल कापूस झाला व तो कोणत्या भावाने विकला गेला, चुकारा कधी मिळाला, संस्थेखेरीज कोणाचे देणे होते, पीकविम्याची रक्कम आली की नाही, हे तलाठ्याने साध्या मराठीत लिहावे. बहुतेक तलाठ्यांना हे सारे तोंडपाठ असते. आज ते लिहायला जागा नाही.